लेहला उतरून तिसऱ्या दिवशी मार्खा ट्रेक सुरू केला तर चालेल काय?

उद्यमबागचा टर्नर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागला. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं लडाखला मार्खा खोऱ्यात निघायलोय. तिघं तिशीच्या आतले, चौथा माझा मामा, वय 56, बीपीची गोळी रोज चालू. सुट्टी दहाच दिवस, आणि गणपतीच्या आत घरी पोचायलाच पाहिजे. बेत असा: गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, तिथून विमानानं लेह. त्या दिवशी बाजार आणि शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), तिसऱ्या दिवशी चिलिंगपासून चालायला सुरुवात. स्किऊ, मार्खा, हांकर, निमालिंग, मग कोंगमारू ला ओलांडून लेहला परत. येताना सगळं विमानानं. पोरं दमदार आहेत, येळ्ळूरचा राजहंसगड न थांबता चढतात. काळजी फक्त मामाची वाटते. काय बदलायला पाहिजे?

सुभेदार, जांबोटी भाग

पोरा, मामाइतकीच काळजी तुझ्या त्या तीन दमदारांची कर.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. भरती बेळगावचीच, नंतर पलटणीबरोबर लडाख बघितलं. फौजेत त्या उंचीवर जाणाऱ्या जवानाला आधी मुरवतात. 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, त्यातले पहिले दोन नुसता आराम. 12,000 ते 15,000 वर आणखी 4 दिवस, आणि त्याच्याही वर जायचं तर पुन्हा 4. रोज पीटी करणाऱ्या विशीतल्या पोरांना हा नियम आहे, आणि कितीही घाई असली तरी तो पाळतात.

आता तुझं बघ. बेळगाव सुमारे 2,500 फुटांवर, लेह 11,500 वर. विमान दिल्लीहून तुला दीड तासात तिथं टाकतं. लेहच्या हवेत दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. छाती, पाय, दम कितीही चांगला असू दे, रक्ताला आणि श्वासाला त्याची सवय व्हायला दिवसच लागतात. राजहंसगड पळत चढल्यानं ते दिवस कमी होत नाहीत. उलट दमदार पोरगा डोकं दुखत असताना बोलत नाही, सगळ्यांच्या पुढं चालत राहतो. आमच्यातला असाच एक, आपल्याच भागातला, दौडीत कुणाला ऐकायचा नाही. एका रात्री बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला. रातोरात खाली नेला म्हणून वाचला.

खारदुंग ला दुसऱ्या दिवशी अजिबात नको. 17,500 फुटांच्या वर आहे ते. फोटोपुरतं जाऊन येतो म्हणशील, पण तेवढ्यानंही चक्कर आणि उलटी सुरू होते, आणि पुढचे दोन दिवस वाया जातात.

दुसरी गोष्ट नकाशात दिसत नाही. चिलिंगपासून मार्खापर्यंत वाट फार चढत नाही, स्किऊ तर लेहपेक्षा थोडं खालीच आहे. त्यामुळं वाटतं, आपल्याला काहीच होत नाही. खरा चढ हांकरच्या पुढं. हांकर साधारण 4,000 मीटर, निमालिंग 4,800 च्या घरात. एका दिवसात एवढं चढून तिथंच झोपायचं नाही. मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम कर. आणि निमालिंगला कुणाला त्रास झाला तर पलीकडचा रस्ता नकाशावर जवळ दिसतो, पण तिकडं जायला आधी कोंगमारू ला चढावा लागतो. आजारी माणसाला वर नेता येत नाही, मागं खोऱ्यात उतरवावा लागतो. म्हणून थाचुंगत्सेतच प्रत्येकाला समोर बसवून विचार: डोकं कसं आहे, रात्री जेवलास काय, झोप लागली काय.

दहा दिवसांत हे बसत नाही. तुझ्या बेतात एकही दिवस शिल्लक नाही, आणि लेहची विमानं हवेमुळं रद्दही होतात. चौदा दिवस मिळाले तर मार्खा कर. नाही तर शाम खोऱ्यातला ट्रेक कर: लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. खिंडी सगळ्या 4,000 मीटरच्या आत, रोज गावात मुक्काम, आणि कुठूनही तासा-दोन तासांत गाडीरस्त्याला लागता येतं. मामालाही तोच बरा.

निपाणीची डॉक्टर

सुभेदार काकांच्या बोलण्याला वैद्यकीय जोड देते. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं.

मामांचा बीपी गोळीनं ताब्यात असेल तर वय आड येत नाही. पण निघण्याआधी ईसीजी आणि त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला हवाच. तिकडे गेल्यावर बीपी थोडा वाढू शकतो, म्हणून मोजायचं यंत्र बरोबर घ्या आणि गोळी चुकवू नका. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी बरेच जण घेतात, प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलीग्राम दोन वेळा. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही दाखवा. लेहमध्ये दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

कुणी बरळायला लागला, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर सकाळची वाट बघू नका. अंधार असला तरी खाली उतरवा. गोळी, ऑक्सिजन हे उतरवतानाचे आधार आहेत, उतरण्याला पर्याय नाहीत.

टिळकवाडीची भटकी

मी मार्खा केलाय, त्यामुळं थोडं व्यवहाराचं. इकडचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, चौघांपैकी दोघांकडे तरी पोस्टपेड असू दे, तेही खोऱ्यात आत गेल्यावर बंद. रोख लेहमध्येच काढा. ओढे ओलांडायचे ते सकाळीच, दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं. निमालिंगला ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठतं, गरम थर आणि चांगली स्लीपिंग बॅग लागते. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस, तिकडे कोरडं कडक ऊन, ओठ फुटतात. आणि हो, होमस्टेत घरच्यांबरोबर चुलीपाशी बसून जेवा. त्या आज्या पोटभर वाढतात.

उद्यमबागचा टर्नर

सुभेदार काका, डॉक्टर ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल मामाच्या घरी बसून हे सगळं वाचून दाखवलं. सुट्टी वाढत नाही, सुपरवायझरनं आधीच नाही म्हटलंय. म्हणून शाम खोरं ठरलं. खारदुंग ला काढून टाकला, लेहला तीन रात्री थांबायलोय. मामाचा ईसीजी सोमवारी. काका, दीड महिना हातात आहे. पावसात सराव कुठं आणि कसा करू?

सुभेदार, जांबोटी भाग

शाब्बास. आठवड्यातून तीनदा पहाटे राजहंसगड, पाठीवर आठ किलो. वेग नको, बोलता येईल एवढ्याच चालीनं, आणि मामाला सगळ्यांच्या पुढं ठेव. रविवारी वैजनाथ, तिकडचा उतार पावसात निसरडा असतो, काठी घे. जे बूट लडाखला नेणार तेच आत्तापासून घाल, पण रोज वर्तमानपत्र कोंबून वाळव. आणि त्या दोन पोरांना सांग, लेहच्या पहिल्या रात्री डोकं दुखलं तर लगेच मामाला उठवून सांगायचं.