तीन दिवसांचं शिबिर की तीन वर्षांची उमेदवारी?

विटेकर (धागाकर्ता)
परवा पुतण्या कॉलेजातलं तीन दिवसांचं उद्योजकता शिबिर करून आला. प्रमाणपत्र मिळालं, फाइल मिळाली, एका वक्त्याने घसा बसेपर्यंत स्वप्नं दाखवली. घरी आल्यावर मी विचारलं, "शंभराचा माल आणलास, दहाचं भाडं गेलं, दहा टक्के माल खराब निघाला. विकायचा केवढ्याला?" पोरगं गप्प.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि देशभर गलाईची दुकानं टाकून बसली. केरळात जा नाहीतर उत्तर प्रदेशात, सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात सोनं-चांदी गाळणारा आपल्याकडचा भेटतोच. आमच्या घरात तरी रीत ठरलेली होती. पोरगा मामाच्या दुकानात जायचा, आधी भट्टी आणि मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, सांभाळायचा, मग टंच काढायला, म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता तपासायला शिकायचा. गिऱ्हाईक ओळखायला लागला की मामाच दुसऱ्या गावात जागा बघून द्यायचा. शिबिर कुणी भरवलं होतं?

म्हणून म्हणतो, शिबिरं बंद करा. पोरांना चालत्या धंद्यात उमेदवारीला, म्हणजे काम करता करता शिकायला घाला, विद्यावेतन सरकारने द्यावं.

जुनी मूस
विटेकर, तो पोरगा मी आहे. चौदाव्या वर्षी गेलो. तेजाबात चांदी विरघळताना तांबूस वाफ उठते, ती सहा वर्षं छातीत घेतली. झोपायला माळा. पगार वर्षाकाठी वडिलांच्या हातात. आणि जागा बघून द्यायची वेळ आली तेव्हा शेठना स्वतःचा मेहुणा आठवला. आता कायद्याने १८ च्या आतलं पोर असल्या धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, ते बरंच झालं. ज्यांचं जमलं त्यांचे बंगले गावात दिसतात. हात हलवत परत आलेले आम्ही कुणाच्या भाषणात येत नाही.

विटेकर
वाफेचं आणि वयाचं मान्य, त्यावर वाद नाही. मी वीस-बावीसच्या पदवीधरांबद्दल बोलतोय.

चौकातला
मग सरकारने तुमचं ऐकलंय की! २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवा. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. झालं काय? बरीच पोरं सरकारी कार्यालयांत आणि शाळांत बसली, मुदत संपत आली तसे "कायम करा" म्हणून मोर्चे निघाले. त्यांना दोष देत नाही. जिथे बसवाल तिथलंच शिकणार.

विटेकर
अहो, मी हेच तर सांगतोय. दुकानात बसवा!

पासबुक
बँकेत कर्ज विभागात आयुष्य गेलं, म्हणून विरुद्ध बाजूने लिहितो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रवर्ग आणि शहर-खेडं बघून १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. समोर बसणाऱ्याचा पहिला प्रश्न, "साहेब, सबसिडी कधी सुटणार?" ती तीन वर्षं ठेव म्हणून अडकलेली असते, हे ऐकलं की निम्म्यांचा चेहरा पडतो. प्रकल्प अहवाल तर झेरॉक्सवाल्याकडचे. एकदा दोन गावांच्या दोन पोरांच्या अहवालात म्हशींचं दूध थेंबासकट सारखं होतं. अशांना हिशेब शिकवणारं प्रशिक्षण लागतंच, फक्त ते भाषणबाजीचं नको. आणि मुख्य मुद्दा तुम्ही टाळताय. तुमच्या गलाईवाल्यांची शाळा भावकीवर चालली. ज्याला मामा नाही त्याने काय करायचं?

जुनी मूस
पासबुक, लाख बोललात.

शेवयावाली
मामा नसलेल्यांत मीही. आमच्या घरात दुकान शिकायला भावाला पाठवलं, मला कोण पाठवतंय! बचत गटातून शेवया-पापड करतो. हप्ता एकदाही चुकला नाही, प्रशिक्षणं तर इतकी झाली की प्रमाणपत्रांना खिळे पुरत नाहीत. अडतं विकण्यात. दुकानदार म्हणतो, माल ठेवा, खपला की पैसे. तो कधी खपला ते त्यालाच माहीत. सगळे लिज्जतची गोष्ट सांगतात, १९५९, गिरगावातल्या सात बायका, ८० रुपये उसने. पण पहिल्या दिवसाची चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली, हे कुणी सांगत नाही. मला शिबिर नको, उमेदवारीही नको. तो भुलेश्वरवाला हवाय.

विटेकर
ताई, इथे मी हरलो. मामाची ओळख फुकट मिळाली होती, म्हणून तिची किंमत माझ्या हिशेबात आलीच नाही. असं करू, पुतण्याला तुमच्याकडे पाठवतो. वीस पाकिटं द्या, विकून दाखवेल.

शेवयावाली
पाठवा. पण वीस पाकिटांचे पैसे रोख घेऊन येऊ दे. खपला की पैसे म्हणाला तर दारातूनच परत.