कंबोडियातले भूसुरुंग काढायला जगाने पैसे का द्यावेत?

धुळवाट: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवस गोठवली आणि कंबोडियातल्या काही पथकांना हातातलं काम टाकून बसावं लागलं. पुढच्याच महिन्यात सिएम रीप प्रांतात दोन वर्षांची दोन मुलं घराजवळ खेळताना जुन्या ग्रेनेडने गेली. (या दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही.) माझ्या मते हा पैसा दान नव्हे, देणं आहे. देशाच्या पूर्वेकडचे क्लस्टर बॉम्ब (एका बॉम्बातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारे) १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेच्याच विमानांनी टाकले. ज्याने पेरलं त्याने उपसावं.

गावकुसाबाहेर: पटत नाही. थाई सीमेवरचे सुरुंग ख्मेर रूज बंडखोर, व्हिएतनामी फौजा, राजधानी नॉम पेन्हमधलं सरकार अशा सगळ्यांनी पेरले. के-५ या सीमेलगतच्या सुरुंगपट्ट्यासाठी तर सरकारने आपल्याच लोकांना वेठीला धरलं. जुलै २०२५ मध्ये सीमेवर थाई सैनिकांचे पाय गेले, तेव्हा हे सुरुंग नवे आहेत असा आरोप थायलंडने केला. कंबोडियाने तो फेटाळला. पण स्वतंत्र चौकशी होईपर्यंत देणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा.

धुळवाट: म्हणजे शिक्षा बट्टंबांग प्रांतात कसावाचं पीक लावणाऱ्या शेतकऱ्याला? १९९६ मध्ये ४,३२० जण मेले किंवा जखमी झाले, २०२४ मध्ये ४९. हा फरक बराचसा परदेशी पैशावर चाललेल्या पथकांनी घडवला.

माळावरचा: माझे काका खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या अभियंता दलात) होते. ते सांगायचे, शोधक यंत्र खिळ्यालाही वाजतं आणि डब्याच्या पत्र्यालाही. दर आवाजाला गुडघ्यावर बसून माती खरवडायची, खर्च वाढतो तो इथे. मगावा हा शिकवलेला उंदीर टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात हुंगायचा, कारण तो लोखंडाकडे लक्षच द्यायचा नाही, फक्त स्फोटकाच्या वासावर जायचा. पथक मधेच मोडलं की तयार झालेली माणसं दुसऱ्या कामाला लागतात. ती परत मिळत नाहीत.

गावकुसाबाहेर: पथकं मोडा असं मी म्हटलेलं नाही, दादा. पण मोझांबिकने २०१५ मध्ये काम पुरं झाल्याचं जाहीर केलं. कंबोडियाने २०२५ ची मुदत घेतली होती, तीही गेली. तिथलं सरकार स्वतःच्या तिजोरीतून दरवर्षी किती घालणार, हे आधी लिहून घ्या.

धुळवाट: जरूर घ्या, माझी ना नाही. पण मेमध्ये पाऊस लागला की शेतकरी नांगर घेऊन उतरणारच, जमीन साफ झालेली असो वा नसो.