तोतरा म्हणजे घुमा?

खानापूरकर:
परवा एका स्थळाकडून निरोप आला, "पोरगा चांगला, पण घुमा वाटला." घुमा नाही हो, तोतरा! तो पोरगा म्हणजे मीच. चहाचे कप आत जाईपर्यंत मोजून चार वाक्यं बोललो, पाचव्याला 'क'वर गाडी अडणार हे आधीच कळलं होतं. बेळगाव स्टँडवर कंडक्टर कन्नडमध्ये "येल्लिगे?" (कुठं?) म्हणाला की 'खानापूर' घशातच राहतं, मागचे "बेग हेळ्री" (लवकर सांगा) करतात. मग पुढच्या लोंढ्याचं तिकीट काढतो नि खानापूरला उतरतो. 'ल' सुटतो, 'ख' सुटत नाही. हापिसात अडलो की "याला कन्नड येत नाही", नाहीतर "मुद्दाम बोलत नाही". आपल्याकडं गप्प बसणंही राजकारण! तोतऱ्यांचा म्हणून वेगळा स्वभाव अभ्यासकांना सापडलेला नाही. बोलण्याची धास्ती मागून येते.

टिळकवाडीकर:
पटत नाही. आमचा धाकटा भाऊ भजनात एकदाही अडखळत नाही. फोन उचलला की मात्र "सायकल दुकान" एवढं म्हणून ऐकत बसतो. म्हणजे मनाचंच ना? धीर कमी. लहानपणापासून सांगतोय, सावकाश बोल.

निपाणीची वहिनी:
भजनात ताल आयता, शब्द आयते, सोबतीला दहा गळे. सगळ्यांबरोबर म्हणताना बहुतेक तोतरे सुरळीत म्हणतात, त्यात धीराचा काय संबंध? आणि ते "सावकाश बोल" आधी बंद करा. माझ्या लेकाला तेच ऐकून जास्त अडायचं. शंभरात पाचेक मुलं कधीतरी अडखळतात, बहुतेकांचं जातं. मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं.

टिळकवाडीकर:
बरं, मग हे सांगा. अँड्र्यूज आणि कटलर यांची 1974 ची 24 विधानांची प्रश्नावली आहे, तीत तोतऱ्यांचं बोलण्याबद्दलचं मत इतरांपेक्षा वाईट निघतं. पुढं तीन ते सहा वर्षांच्या मुलांतही तसंच दिसलं. चार वर्षांच्या पोराला कुठला कंडक्टर भेटला?

खानापूरकर:
प्रश्नावली बोलण्याबद्दल विचारते, स्वभावाबद्दल नाही. पण तुमचा मुद्दा खरा आहे. कोणी हसलं नाही तरी शब्द अडकला हे पोराला स्वतःलाच कळतं की. हे मी धरलं नव्हतं. एक करा, भावाला विचारा, स्वतःचं नाव सांगताना अडतं का? खानापूरचं लोंढा करता येतं, नावाचं काय करणार?

टिळकवाडीकर:
विचारलं आत्ताच. हसला नुसता. मग म्हणाला, "म्हणून तर 'सायकल दुकान' म्हणतो." वीस वर्षं आम्ही समजतोय, धंद्याचा अभिमान आहे पोराला.