मदत हवी आहे: एम.ए.चा प्रकल्प, लाल समुद्राचा विषय, आवाका आवरत नाहीये

नमस्कार मंडळी. मुंबईत राज्यशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. 'आंतरराष्ट्रीय संबंधांतील समकालीन प्रश्न' यावर प्रकल्प आहे. लाल समुद्रातलं संकट घेतलंय. सरांनी आराखड्यावर एवढंच लिहून परत दिलं, "विषय आहे. प्रश्न कुठाय?"

माहिती ढीगभर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं, मग व्यापारी जहाजांवर हल्ले, कंटेनर कंपन्यांचा सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा, हे हल्ले थांबवा असं सांगणारा जानेवारी २०२४ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २७२२. त्याच सुमारास सोमाली चाच्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने 'रुएन' जहाज सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले.

पण हे तारीखवार मांडलं की कात्रणांची वही वाटते. वर्गात निम्म्या जणांनी वास्तववाद घेतलाय, म्हणजे देश सत्ता आणि स्वार्थ बघूनच वागतात हा सिद्धांत. मीही तोच घेऊ का? शिवाय बी.ए. मराठीतून झालंय, इंग्रजी वाचायला वेळ लागतो आणि दिवसा नोकरी असते. आधी काय वाचू?

किनारपट्टी: सिद्धांत राहू दे बाजूला. तुझ्याच यादीतली दोन जहाजं शेजारी ठेव, गॅलेक्सी लीडर आणि रुएन. दोन्ही पळवलेली. पण १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या कलम १०१ प्रमाणे चाचेगिरीला खाजगी हेतू लागतो. रुएनवाल्यांना खंडणी हवी होती. हुथी गाझाचं कारण देत होते, म्हणजे त्यांना चाचे ठरवायचं तर कायदेपंडितांत वाद. आता भारताचं वागणं बघ. चाच्यांना पकडून खटला भरला. हुथींविरुद्ध मात्र अमेरिकेच्या 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' मोहिमेत गेला नाही, आपल्या युद्धनौका स्वतंत्रपणे फिरवल्या, हल्ला झालेल्या जहाजांना मदत केली. असा फरक का? हा झाला प्रश्न.

जुना_फोर्टकर: वरच्यांशी सहमत, पण मी अजून आत शिरेन. ताई, तुम्ही मुंबईत आहात त्याचा फायदा घ्या. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज पळवलं गेलं, आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते पकडलं, खटला इथेच चालला. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये शिक्षा दिली आणि २००५ मध्ये हायकोर्टातून आरोपी सुटले. तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो आला २०२२ मध्ये. रुएन त्यानंतरचं.

वास्तववादाने युद्धनौका का गेल्या ते सांगता येईल. ३५ माणसं हजारो किलोमीटर आणून, वकील देऊन खटला चालवायचा खटाटोप कशाला, हे त्यातून सुटत नाही. रशियाने २०१० मध्ये 'मॉस्को युनिव्हर्सिटी' टँकर सोडवल्यावर चाच्यांना छोट्या बोटीत बसवून भर समुद्रात सोडून दिलं होतं. आंतरराष्ट्रीय नियम देशाच्या कायद्यात कसे झिरपतात, त्या बाजूने वाचा. रचनावाद, म्हणजे देशांचं वागणं नियम आणि कल्पनांतूनही घडतं असं मानणारा सिद्धांत, इथे जास्त कामाला येईल.

वाचन: आधी २०२२ चा कायदा, छोटाच आहे. मग कराराची कलमं १०० ते १०७, मोजकी पानं. लोकलमध्ये होतील. जर्नलमधले लेख त्यानंतर, नाहीतर त्यांचीच भाषा तुमच्या तोंडी बसते.

धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार! अलोंड्रा रेनबो ते रुएन असं धरते. मग हुथींचं काय करू, पूर्ण काढून टाकू?

जुना_फोर्टकर: काढू नका. प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणात चाचेगिरीची हद्द कुठे संपते ते दाखवण्यापुरते ठेवा, चार-पाच पानं. आणि सरांकडे जाण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून इथे टाका, बघतो.