वडिलांच्या पश्चात वारस नोंद: आजी आणि बहिणींची नावं लावायची का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. मृत्युपत्र नाही. मागे आई, आजी (वडिलांची आई), आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी. जमीन साडेचार एकर, तीन गटांत. दोन गट वडिलोपार्जित, वाटणीत वडिलांकडे आलेले. तिसरा त्यांनी १९९८ मध्ये स्वतः घेतलेला. जिल्हा बँकेत चार लाखांची ठेव आहे, तिला नॉमिनी मी. बहिणींना जमीन नको. भाऊ म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर त्यांची संमती नोटरी करू आणि नोंदीला आई व आम्हा दोघांचीच नावं देऊ. आजीचं नाव लागत नाही असं गावात सगळेच सांगतात. बरोबर आहे का?

फेरफार_जाणकार

नाही दादा. आजीचं नाव लागतंच. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुष मयत झाला की पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. तुमच्या घरात असे सहा जण आहेत.

१९९८ च्या गटात प्रत्येकाचा हिस्सा सरळ १/६. वडिलोपार्जित गटांचा हिशेब वेगळा: आधी वडील, आई आणि चार मुलं अशी सहा हिश्शांची कल्पित वाटणी, मग वडिलांच्या १/६ चे पुन्हा सहा भाग. आजीला १/३६, बाकी पाच जणांना प्रत्येकी ७/३६. २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीही जन्मानेच सहहिस्सेदार आहेत, लग्न कधी झालं याचा संबंध नाही.

आजीचा हिस्सा छोटा दिसतो, पण खरी अडचण पुढे आहे. नाव गाळलं आणि उद्या आजी गेली, तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे तुमचे काका आणि आत्याही त्यात येतात. आज एका अंगठ्याने मिटणारं काम तेव्हा दहा सह्यांवर अडतं. तेवढ्यासाठी खरेदीखत रखडतं, बँक कर्ज नाकारते.

दस्त_नोंदणी

नोटरीच्या संमतीने हक्क सुटत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं. म्हणून क्रम असा धरा: आधी सहाही नावांची वारस नोंद, ती मंजूर झाली की मग हक्कसोड, आणि त्याचा वेगळा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद). दस्तात तिन्ही गट नंबर, क्षेत्र आणि हक्क कोणाच्या लाभात सोडला हे स्पष्ट लिहा. गट नंबर लिहायचा राहिला तर त्या गटावर बहिणीचं नाव तसंच राहतं.

आजीही हक्क सोडणार असेल आणि तिला कार्यालयात नेणं जमत नसेल तर गृहभेटीसाठी अर्ज करता येतो. आणि बहिणींना शांतपणे विचारा, खरंच सोडायचं आहे ना? एकदा नोंदवलेला दस्त नुसत्या मनात आलं म्हणून फिरवता येत नाही.

फेरफार_जाणकार

अर्जाचं सांगतो. ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन सेवेवर किंवा थेट तलाठ्याकडे द्या. मृत्यू दाखला, तिन्ही गटांचा चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि सगळ्या वारसांचं वय, पत्ता, नातं लिहिलेलं शपथपत्र जोडा. कळवण्याची मुदत तीन महिने आहे; उलटली तरी नोंद होते, पण थांबू नका. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते.

सर्वात जास्त अर्ज अडतात ते नावावर. सातबाऱ्यावर ‘दत्तू’, मृत्यू दाखल्यावर ‘दत्तात्रय’, असा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. नोंद झाल्यावर उतारा स्वतः वाचा. बहिणींची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात हवीत. ती ‘इतर हक्क’ रकान्यात गेली असतील तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा. जुन्या नोंदींत हा प्रकार फार दिसतो.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. ठेव माझ्या एकट्याची होते का? घराचं काय?

दस्त_नोंदणी

नाही. नॉमिनी पैसे घेतो ते वारसांच्या वतीने. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने साळगावकर प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. नॉमिनी असल्यामुळे बँक वारस दाखला मागणार नाही. मृत्यू दाखला, दाव्याचा अर्ज आणि तुमचं केवायसी एवढ्यावर रक्कम मिळते. मुदतीआधी मोडली म्हणून दंड बसत नाही. रक्कम आली की सहा जणांत वाटा आणि प्रत्येकाकडून पोचपावती घ्या. वडिलांचं एटीएम कार्ड मात्र आता वापरू नका.

घराला सातबाऱ्याचा फेरफार लागू होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तिथे वेगळा अर्ज द्या. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर तिच्यावरची वारस नोंद भूमी अभिलेख कार्यालयात होते, तलाठ्याकडे नाही.