सहा तासांच्या आत, नाहीतर काहीच नाही?

तळ्यातलं_बदक
काल लोखंडी_मांडी यांनी ठणकावून सांगितलं: हाफसाठी (म्हणजे हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१ पळणं) आकडा एकच, सहा तासांच्या आत. तो फ्रीजवर चिकटवायचा, शर्यतीच्या तारखेपासून उलटं मोजत २४ आठवड्यांचा प्लॅन बनवायचा आणि एकही सेशन चुकवायचं नाही. ‘मजेत फिनिश करायचंय’ म्हणणारे सगळे आळशी. दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

सहा तास, पण कुठल्या कोर्सवर? ९० किलोमीटर सपाट असेल तर वेगळं, चढ असतील तर वेगळं, त्यात परतीला समोरून वारा लागला की संपलंच. पाणी जरा कोमट निघालं की वेटसूटची (तरंगायला मदत करणाऱ्या रबरी सूटची) परवानगीही गेली. यातलं काय तुमच्या हातात आहे? माझी यंदाची टार्गेट्स अशी: सायकलवर पहिल्या तासात पॉवर (पेडलवरचा जोर, वॅट्समध्ये) ठरल्यापेक्षा वर जाऊ द्यायची नाही, तासाला ६० ग्रॅम कार्ब पोटाला सोसेल इतकी सवय लावायची, आणि लाँग राइडवरून उतरल्या उतरल्या पळायचं, भले वीसच मिनिटं. वेळ काय यायची ती येईल.

आणि ‘एकही चुकवायचं नाही’ हे तर सरळ दुखापतीला आमंत्रण आहे. तीन आठवडे चढते, चौथा हलका, हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण चुकलेली सेशन्स भरून काढायला माणूस नेमका तो हलका आठवडाच खातो. मग नडगी ठणकते, मग गुडघा, मग फिजिओच्या फेऱ्या.

लोखंडी_मांडी
वा! म्हणजे पेपर अवघड निघू शकतो म्हणून मार्कांचं टार्गेटच ठेवायचं नाही. छान.

तुमची ती ‘ठरलेली पॉवर’ आली कुठून? २० मिनिटांची टेस्ट, तिच्या ९५ टक्के एफटीपी (साधारण तासभर टिकेल ती पॉवर), त्यातून हाफचे वॅट्स. म्हणजे आकडाच ना? माझं साधं आहे. आकडा नसला तर मी पहाटे उठत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकजण ‘प्रोसेस, प्रोसेस’ करत होता, आता त्याच्या सायकलवर टॉवेल वाळतात.

आणि सरावाला वेळ कमी पडतो? मग स्विमिंग कापा. सहा तासांत पोहणं पाऊण तास. आठवड्याचे चार तास पाण्यात घालवून सीझनअखेर पाच मिनिटं वाचणार, तेच सायकलला दिले तर पंधरा. गणित आहे, भावना नाही.

जलमुद्रा
हे गणित काठावर बसून केलेलं दिसतंय.

स्विमचा कटऑफ १ तास १० मिनिटांचा असतो, त्यानंतर बाहेर आलात तर शर्यत संपली, हे माहीत असेलच. पूलमध्ये तळाला काळी रेघ असते, दर २५ मीटरला भिंत ढकलायला मिळते. उघड्या पाण्यात यातलं काही नाही. दिशा बघायला डोकं वर काढलं की कंबर बुडते, कंबर बुडाली की ब्रेक लागला. वाकडंतिकडं जात १९०० चे २२०० मीटर कधी होतात कळत नाही. मी ज्यांना शिकवते त्यातले एक गृहस्थ तुमच्यासारखेच, मांड्या जबरदस्त. स्टार्टला कुणाचा तरी पाय गॉगलवर बसला, श्वास गेला, कायाक धरून लटकले. बाहेर आले कटऑफच्या जेमतेम आधी, आणि पहिले २० किलोमीटर सायकल चालवत नव्हते, सावरत होते. कुठे गेली तुमची पंधरा मिनिटं?

लोखंडी_मांडी
लहानपणापासून पोहणाऱ्यांना हे सगळं सोपं वाटतं. आम्ही तिशीत पाण्यात उतरलो, ताई. तासन्‌तास ड्रिल करून माझा शंभर मीटरचा पेस आहे तिथेच आहे.

जलमुद्रा
कारण तास वाढवलेत, टेक्निक नाही. आठवड्यातून एकदा दोन तास लोळण्यापेक्षा तीनदा चाळीस मिनिटं या. आणि ‘ताई’ नको.

उशिरा_उठलो
धागा प्लॅनचा होता ना? असो. घरात तान्हं मूल आहे, त्यामुळे माझा प्लॅन रात्री तीनला बदलतो. ॲप मात्र चुकलेल्या सेशनला लाल चौकोन देतं. ज्याने तो लाल रंग निवडला त्याला एकदा भेटायचंय.
आकडेवाल्यांसाठी: ट्रायथलीट मार्क ॲलन सहा प्रयत्नांत कोना (हवाईतली आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा) जिंकू शकला नव्हता, १९८९ ला जिंकला. तोच, जो हृदयगती १५५ च्या वर जाऊ न देता, लाज वाटेल इतकं हळू पळायचा.

लोखंडी_मांडी
आणि जिंकला किती फरकाने? ५८ सेकंद! समोर आधी कोना जिंकलेला डेव्ह स्कॉट होता आणि त्यालाच हरवायचं होतं. ‘मजेत फिनिश’ म्हणून नव्हता उतरला.

तळ्यातलं_बदक
हो, पण त्यासाठी रोज काय करायचं ते १५५ ने ठरवलं, डेव्ह स्कॉटने नाही. मी पहिल्यापासून हेच बोंबलतोय.

मोजे_की_बिनमोजे
टी-१ मध्ये (पोहून आल्यावर सायकल घेतो तिथे) मोजे घालायचे की नाही यावर कुणी बोलणार आहे का?

जलमुद्रा
आधी टी-१ पर्यंत पोचा.

लोखंडी_मांडी
बरं, थोर मंडळींनो. सहा तासांचा कागद फ्रीजवरून निघणार नाही. त्याच्याखाली पहिल्या तासाचे वॅट्स लिहितो, बदकरावांच्या समाधानासाठी. हलका आठवडा हलकाच ठेवेन, कारण बायको आणि गुडघा दोघांचं त्यावर एकमत आहे. आणि स्विमिंग आठवड्यातून दोनदा. तीनदा नाही. तेही पुल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोम) लावून.

जलमुद्रा
शर्यतीत पुल बॉय नेऊ देत नाहीत.