पारदर्शक साडी? मग 'तलम' आणि 'झिरझिरीत' कशाला ठेवलेत?

उभाआडवा
कालपासून एक पोस्ट फिरतेय: 'डायफनस या इंग्रजी शब्दाला (आतलं दिसेल इतकं पातळ) मराठीत नेमका शब्द नाही, पारदर्शक म्हणा आणि मोकळे व्हा.' खाली नमुन्याची वाक्यं: 'तिने पारदर्शक साडी नेसली होती', 'दरीत पारदर्शक धुकं पसरलं होतं', 'चतुराचे पारदर्शक पंख'. तिसरं एक वेळ सोडून देऊ. पहिली दोन वाचून गप्प बसवेना.

पारदर्शक काच असते. कापडातून दिसतं ते धाग्यातून नव्हे, दोन धाग्यांमधल्या फटीतून. छापील कागदावर वॉइलचं पातळ कापड टाका, अक्षरं वाचता येतात. वीतभर वर उचला, पुसट होतात. काचेचं असं होत नाही.

आता शब्द. 'तलम' हा सुताचा गुण आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. शंभर नंबरी सूत म्हणजे पौंडात 84,000 वार. असं सूत दाट विणलं तर कापड तलम होतं, पण आरपार दिसत नाही. 'झिरझिरीत' हा विणीचा गुण. जखमेवरची गॉझपट्टी घ्या: सूत साधं, वीण विरळ. ती झिरझिरीत आहे, तलम अजिबात नाही. मच्छरदाणीचं तेच. 'विरविरीत' तिसरंच, वापरून वापरून विरलेलं. नव्या साडीला विरविरीत म्हणालात तर दुकानदार साडी घडी घालून परत ठेवेल.

आणि सुती कापड भिजलं की जास्त आरपार दिसतं, कारण तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि प्रकाश कमी विखुरतो. म्हणजे ओलं धोतर पारदर्शक होतं. तलम होतं का?

कॅटलॉगकार
ती पोस्ट माझीच. प्रवचन छान. आता हे 'झिरझिरीत' साडीच्या वर्णनात लिहून दाखवा. 'झिरझिरीत चंदेरी, तीन रंगांत.' कोण घेईल? या शब्दात स्वस्तपणा आहे, वर 'हे काय घालून निघालीस' हा सूरही आहे. 'पारदर्शक' निदान कोणाला नाक मुरडत नाही.

उभाआडवा
सुराचं मान्य. नाइलाजाने. पण मग 'तलम' लिहा की, तो तर कौतुकाचाच शब्द!

कॅटलॉगकार
'तलम' वाचून गिऱ्हाइकाला आतलं दिसेल हे कळत नाही. साडी परत येते. आत्ताच तुम्ही म्हणालात ना, तलम असून दाट असू शकतं? स्वतःच्याच दोऱ्यात अडकलात.

अस्तर_आधी
दोघंही एका शब्दाकडून दोन कामं मागताय. 'तलम चंदेरी, आतलं दिसतं, ब्लाउजला अस्तर लागेल.' संपलं. चंदेरीत ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, रेशीम घेतात ते नैसर्गिक डिंक न काढलेलं. म्हणून ती हलकी, किंचित कडक आणि आरपार. डिंक काढला की तेच रेशीम मऊ, झुळझुळीत होतं आणि तो कडकपणा जातो. त्यामुळे चंदेरीला 'झुळझुळीत' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं.

आणि अस्तराचं सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात. मग दोष शिंप्याला.

उभाआडवा
खळीचंही सांगा. खळ फटी बुजवते, म्हणून दुकानात दाट वाटलेलं कापड घरी पहिल्या धुण्यानंतर झिरझिरीत निघतं. कोपरा दोन्ही तळव्यांत चोळा. पांढरी भुकटी पडली तर समजा.

दीर्घऊकार
मूळ पोस्टमध्ये 'नाजुक' दोनदा लिहिलंय. 'नाजूक'. अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार-उकार दीर्घ. 'झिरझिरीत'चा इकारही म्हणूनच दीर्घ. शब्दार्थावर भांडण्याआधी शब्द तरी नीट लिहा.

कॅटलॉगकार
आलेच!

खापरवाली
कापडाबाहेर कोणी बघणार आहे का? 'तलम' पोळीलाही म्हणतात. आणि तिथे सूत नाही, नंबर नाही. खानदेशातला खापरावरचा, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेला, पुरणाचा मांडा तलमच. मग 'तलम हा सुताचा गुण' कुठे गेला?

सीमावासी
मांडा बेळगावचा. खानदेशात करतात ती मोठी पुरणपोळी.

खापरवाली
बेळगावचा मांडा साखरेचा. दुमडून ठेवला की कडक होतो, हात लावला की चुरा. त्याला तलम म्हणणं म्हणजे पापडाला रेशीम म्हणण्यासारखं. खापरावरच्या मांड्याला गहू ओलवून, दळून, पीठ कापडातून गाळतात. वस्त्रगाळ. कोंड्याचा कण राहिला की हातावर ताणताना तिथेच भोक. कणीक बराच वेळ तिंबून मुरत ठेवायची. मुरली नाही तर ताणलेली परत आखडते. पुरण गरम असतानाच बारीक जाळीतून काढायचं, डाळीचा एक दाणासुद्धा पापुद्रा फाडतो. मग दोन्ही हातांवर झेलत वाढवायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. खापर कमी तापलं तर चिकटतो, जास्त तापलं तर हात काढायच्या आत डाग.

सीमावासी
कडक होतो म्हणूनच टिकतो, प्रवासाला नेता येतो. मऊ तेवढंच नाजूक असा काही कायदा आहे का? आमच्या मांड्याचा पदर उजेडात धरा, पलीकडची बोटं दिसतात.

खापरवाली
बोटं दिसली म्हणून तलम? बटर पेपर खा मग.

सीमावासी
भाषा सांभाळा. कडक मांड्याच्या घड्या तो गरम असतानाच घालाव्या लागतात, क्षणभर उशीर झाला की मोडतो. ते काम पापडाचं नाही.

दीर्घऊकार
साडीच्या धाग्यावर मांडे कशाला मांडताय?

अस्तर_आधी
पण खापरवालींचा मुद्दा बरोबर आहे आणि उभाआडवांना तो टोचणार. मांड्याला तलम म्हणतो तेव्हा बारीक पीठ, एकसारखी जाडी आणि जिभेला लागणारा मऊपणा अभिप्रेत असतो. म्हणजे 'तलम' स्पर्शाचा शब्द आहे, नुसत्या सुताचा नाही.

उभाआडवा
बरं बाबा, स्पर्शाचा. बारीक सुतामुळे येणाऱ्या स्पर्शाचा असं म्हणणार होतो, घाई झाली. पण यातून 'तलम आठवणी' आणि 'तलम दुःख' लिहिणाऱ्या कवींना परवाना मिळत नाही. ज्याला बोट लावता येत नाही त्याला तलम म्हणू नये.

कॅटलॉगकार
मग धुकं?

उभाआडवा
विरळ. साधं, सरळ, विरळ धुकं. ऊन वर आलं की विरतंही. चतुराच्या पंखांना 'झिरझिरीत' घ्या, त्यातल्या शिरांची जाळी त्या शब्दात येते, 'पारदर्शक'मध्ये नुसती काच येते. आणि रुईच्या बोंडातून उडणारी म्हातारी, ती तलम.

कॅटलॉगकार
पोस्ट बदलली. 'तलम साडी, अस्तर लागेल.' 'विरळ धुकं.' पंख पारदर्शकच ठेवलेत, जाळीच्या मधला पापुद्रा काचेसारखाच दिसतो, जाऊन बघा. 'नाजूक' दीर्घ केलंय, फटाके वाजवा. मांड्यांचं तुमचं तुम्ही मिटवा.

खापरवाली
मिटवायला काही उरलंच नाहीये. खापर कुठे मिळतं विचारा त्यांना.

सीमावासी
आम्हाला पालथी कढई पुरते.